सतरंजीवर दिलेला मेव्हणा

तुमच्यापैकी कुणी आपला सख्खा मेव्हणा एका सतरंजीच्या बदल्यात देऊन टाकलाय का हो? नसेल, तर तात्यारावांची हकिकत ऐकून ठेवा. ठेच दुसऱ्याला लागावी आणि शहाणपण आपल्याला यावं, यासारखं सुख नाही.

भूमच्या बाजूचं गाव, शहाऐंशी सालचा दुष्काळ. तात्याराव दूध सोसायटीचे चेअरमन. पण जनावरं छावणीला गेलेली, कॅन उपडे पडलेले, आणि चेअरमनपण वापरायला जागाच उरली नव्हती. म्हणून त्यांनी सोसायटीचा कबड्डी संघ काढला. (दूध नसलं तरी सोसायटी जिवंत दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.) डाव्या कोपऱ्याला उभा केला बायकोचा भाऊ व्यंकट. तो बहिणीकडंच राहायला होता. अंगानं तालमीचा खांब, स्वभावानं लोणी.

त्या लोण्यानंच घात केला. भूमच्या सामन्यात शेवटच्या चढाईला आलेल्या गड्याचा घोटा व्यंकटानं धरला. सुटायचा प्रश्नच नव्हता. पण गडी कळवळून "लागतंय, लागतंय" म्हणाला, आणि व्यंकटानं "कुठं लागलं?" असं विचारत हात सोडला. गडी रेषेला टेकला. सामना गेला. तेव्हापासून तात्याराव भाकरीबरोबर तोच घोटा चघळत होते. त्यांच्या बायकोचे, कडूबाईंचे, कान किटले होते.

अशात एका दुपारी शेजारच्या वाडीचे आबाराव आले. त्यांच्या संघाला कोपऱ्याचा गडी हवा होता आणि हरिबा नावाचा चढाईचा गडी त्यांच्याकडं जास्तीचा होता. अदलाबदल करू म्हणाले. कडूबाईंनी रांजणाचा तळ खरवडून चहाला पाणी घेतलं.

दोघांची हयात बैलबाजारात गेलेली. सवयीनं हात उपरण्याखाली गेले आणि भाव ठरवायला बोटं दाबली जाऊ लागली. आता बाजाराची रीत अशी, की विकणारा गुण सांगतो आणि घेणारा खोडी काढतो. पण तात्याराव इतके वैतागलेले, की विकायला बसून तेच खोडी सांगू लागले. खांदा बरा आहे, पण पकड म्हणजे ओला साबण. समोरचा रडला की याच्या डोळ्यांत पाणी. आबाराव कशाला नाही म्हणतात? त्यांनी नुसती मान हलवून हलवून भाव उतरवला. बोलणी सुरू झाली तेव्हा हरिबा, एक जुनी सायकल आणि सामन्याला पाहुणे बसवायची सतरंजी, असा सौदा होता. कपबशी रिकामी होईस्तोवर सौद्यातून सायकल गेली.

"आन चेअरमन, सतरंजीला एक भोक हाय," आबाराव म्हणाले. "मागनं बोलायला नको."

"असू द्या. आमच्या कोपऱ्याला त्याच्यापरीस मोठं हाय."

व्यंकट दारातच बसला होता. त्यानं मान खाली घातली. कडूबाईंना मात्र राहवलं नाही.

"अवो, त्याला देऊ नका. टँकरवर कोण उभारंल?"

सांगायचं असं, की गावाला आणि वाडीला मिळून एकच टँकर यायचा, फाट्यावर. घागरींची रांग लागायची आणि रांग मोडायला सगळेच टपलेले. व्यंकट आपल्या गावच्या घागरींपाशी उकिडवा बसायचा. कुणी मध्ये घुसलं की न उठता त्याचा घोटा धरायचा आणि नम्रपणे म्हणायचा, "पाव्हणं, मागं." तो असेपर्यंत कडूबाईंची घागर कधी रिकामी परतली नव्हती. भूमच्या मैदानावर काय झालं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"मी हाय की," तात्याराव म्हणाले. "चेअरमनला कोण आडवतंय?"

संध्याकाळी व्यंकट वळकटी घेऊन निघाला. दाजींच्या पाया पडला. तात्यारावांना जरा भरून आलं, म्हणून त्यांनी उपदेश केला.

"तिकडं तरी ध्यानात ठेव. कुणी कितीबी वरडू दे, घोटा सोडायचा न्हाय."

"व्हय दाजी," व्यंकट म्हणाला, आणि गेला.

हरिबा आला तो थेट न्हाणीतच शिरला. चढाईच्या गड्यानं अंग मोकळं ठेवावं लागतं म्हणे. त्यानं ते रांजणातल्या उरल्यासुरल्या पाण्यानं मोकळं केलं. टँकरवर जायचा विषय काढला, तर ओझ्यानं पाय जड होतात म्हणाला. मग सतरंजी पसरून, भोक तेवढं चुकवून, आडवा झाला. कडूबाईंनी रिकामी घागर नवऱ्याच्या उशाशी आणून ठेवली.

सकाळी तात्याराव फाट्यावर पोचले, तेव्हा वाडीच्या घागरी पुढं लागलेल्या आणि त्यांच्यापाशी व्यंकट उकिडवा बसलेला. घरचाच माणूस म्हणून तात्यारावांनी खुशाल घागर पुढं सरकवली आणि एक पाय टाकला. तो तिथंच राहिला.

"आरं, मी हाय."

"व्हय दाजी. पर आता म्या वाडीचा."

"सोड की. लई लागतंय."

व्यंकटाचा चेहरा पडला. "म्हाईत हाय, दाजी," तो कळवळून म्हणाला. "पर तुमीच सांगितलंय न्हवं."

वाडीच्या घागरी भरून झाल्या, टँकर निघून गेला, आणि त्यानंतर व्यंकटानं दाजींचा घोटा सोडला.