पाववालीचा धडगावी शेवट

"पिक्चर निवडायला नजर लागते, नजर!" असं दाऊदभाई म्हणायचे आणि म्हणताना समोरच्याच्या खांद्यावर अशी थाप मारायचे, की समोरचा ताबडतोब कबूल व्हायचा. एकेकाळी शहाद्याच्या एसटी स्टँडमागे त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. आता त्याच जागी ते मोबाइलची कव्हरं विकतात, पण तो मुद्दा नाही! शहाद्यात कुठला पिक्चर चालेल, तळोद्यात कुठला पडेल आणि धडगावच्या बाजारात कुठल्या पिक्चरसाठी लोक शेवटची जीप सोडून बसतील, हे दाऊदभाई कॅसेटचं खोकं नुसतं कानाशी हलवून सांगत. निदान ते स्वतः तरी तसं सांगत.

अशा या नजरेच्या माणसाच्या हातून आयुष्यात एकच घोळ झाला. पण झाला तो असा झाला, की तेहतीस वर्षं ते तो निस्तरत होते.

एकदा सुरतहून कॅसेटींचं पोतं आलं. त्यात एक निघाली बिननावाची. लावून पाहिली तर काळा-पांढरा फॉरेनचा पिक्चर! भाषा कुठली, देवाला ठाऊक. दाऊदभाईंचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. जुम्म्याच्या दुपारी दुकान बंद, म्हणून सालेहाबीही येऊन बसली होती. पिक्चरात समुद्राकाठी एका बाईचं पावाचं दुकान. नवरा जहाजावर गेलेला. बाई रोज भट्टीतून पाव काढते, त्यातला एक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवते. त्याच्यासाठी! तो काही येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव, पुन्हा फडकं.

सालेहाबी सारंगखेड्याची. तिथल्या गल्लीत अहिराणी बोलत वाढलेली, आणि पिक्चरात मारामारी सुरू झाली की जांभया देणारी. पण इथे ती अशी बसली, की मांडीवरचे शेंगदाणे तसेच राहिले. सव्वा तास झाला आणि गेली लाईट!

"उद्या दखू," दाऊदभाई म्हणाले.

उद्या होतं शांतीलाल शेठच्या मुलीचं, आशाचं लग्न. शूटिंगचं काम दाऊदभाईंकडे. ऐन वेळी कोऱ्या कॅसेटी संपल्या. आता भरलेल्या कॅसेटीच्या पाठीवर प्लास्टिकचा एक तुकडा तोडलेला असतो, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होऊ नये. त्या भोकावर चिकटपट्टी लावली, की झाली कॅसेट पुन्हा कोरी! दाऊदभाईंनी हाताला लागेल ती कॅसेट घेतली, पट्टी लावली आणि गेले मांडवात. संध्याकाळी दुकानात येऊन पाहतात तर काय! पाववाली बंदरावर उभी आहे, लांबून जहाज येतंय, बाई पदर सावरल्यासारखी शाल सावरते, आणि खट्! बँडवाले!

त्यात शांतीलाल शेठनं दुसऱ्याच दिवशी कॅसेट परत आणून आपटली. "हाई मन्ही आंडेरनं लगीन शे का? ठेव तुन्हाच घर!" शेठ इतका का चिडला, ते दाऊदभाईंना पुरतं माहीत होतं. म्हणून तर ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, "सालेहा, मशिननं कॅसेट खाई टाकी."

झालं! तेव्हापासून पाववालीचा नवरा आला की नाही, हा सालेहाबीचा एकच प्रश्न. भाकरी थापताना, एसटीत, एकदा तर दाढ काढताना तोंड उघडं असताना, "अजी, तो उना का नही?"

सुरुवातीला दाऊदभाई हसायचे. मग वैतागायचे. गेल्या वर्षी मात्र नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला, उजव्याचं वर्षभराचं खरं नाही. परतीच्या बसमध्ये सालेहाबी बराच वेळ खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली. मग म्हणाली, "बाकी बठ्ठं दखी लिधं. ती पाववालीना नवरा उना का नही, तेवढं ऱ्हायनं."

त्या दिवसापासून दाऊदभाई बोलायचे कमी आणि मोबाइलमध्ये शोधायचे जास्त. पण नाव नाही, गाव नाही, शोधणार काय, कपाळ?

आणि एके दिवशी जाहिरात सापडली! मुंबईची एक कंपनी जुने, परदेशी, विसरलेले पिक्चर धुऊनपुसून डिस्कवर काढते. वर्षाला सहा. पाच कंपनी निवडते, सहावा प्रेक्षकांनी सुचवायचा.

"निवडायचं काम? मग मन्हाशिवाय कोन!" असं म्हणून दाऊदभाईंनी चार पानी पत्र धाडलं.

आठवड्यानं फोन आला. कंपनीत पिक्चर निवडणाऱ्या सुनिता मॅडम. "दाऊदभाई, ओळखला मी तुमचा चित्रपट! पोर्तुगालचा आहे. हक्क मिळतील, प्रिंटही बऱ्यापैकी आहे. पण निवडताना आम्हाला तिसरी गोष्ट बघावी लागते, घेणार कोण? हा चित्रपट पाहिलेली आणि पुन्हा बघायची इच्छा असलेली दोनशे माणसं दाखवा. मग मी मीटिंगमध्ये भांडते."

"शेवट काय शे, तेवढं सांगता का?"

"सांगते की!"

मागून सालेहाबी गरजली, "खबरदार! सांगी तो मन्हा दुश्मन! मी सोता दखसू!"

"दोनशे काय, तीनशे देतो!" दाऊदभाईंनी घाईनं ठोकून दिलं आणि फोन ठेवला.

माणसं होती. शहाद्यात नव्हती, धडगावात होती! त्या काळी दाऊदभाई बाजाराच्या दिवशी टीव्ही, मशिन आणि जनरेटर जीपच्या टपावर बांधून घाट चढून धडगावला जायचे. एकदा ठरलेली कॅसेट तुटली म्हणून त्यांनी ही लावली. लग्न सुरू होताच बंद करायला उठले, तर लोकांनी एकच ओरडा केला, "राहू दे! राहू दे!" पुढच्या बाजाराला पुन्हा तीच मागणी. नंतर तर त्या कॅसेटीशिवाय त्यांना कुणी जीपमधून उतरू देईना. लोकांना बँड आवडतो, असं दाऊदभाई समजले आणि त्या वेळात चहा पिऊन यायचे.

त्यांनी सुकराम गुरुजींना गाठलं. गुरुजी धडगावचेच, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं आणि कामाला वाघ. पाड्यापाड्यांवर फिरून त्यांनी तीन आठवड्यांत कंपनीचे दोनशे चौदा फॉर्म भरून आणले. दाऊदभाईंनी गठ्ठा हातात तोलला, "वजन चांगलं शे" म्हणाले आणि न वाचता कुरिअरला दिला. नजरेचा माणूस!

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन. धाप लागल्यासारखा आवाज. "दाऊदभाई, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय?"

"फॉर्ममध्ये विचारलं होतं, न विसरता येणारा प्रसंग कुठला? दोनशे नऊ लोकांनी एकच लिहिलाय, शेवटचा! बाई माणसांनी भरलेल्या घरी पोहोचते, वाजंत्री वाजते आणि ती पहिल्यांदा हसते. अहो, आमच्या प्रिंटमध्ये हे नाहीच! दोन शेवट चित्रित केले होते अशी एक जुनी वदंता आहे, आम्ही कुणी खरी मानली नव्हती. हरवलेला शेवट तुमच्याकडे आहे! ती कॅसेट असेल तर मीटिंगसुद्धा नको, सहावा चित्रपट हाच!"

वाजंत्री? दाऊदभाईंच्या ध्यानात आलं, हे तर आशाचं लग्न! आता खरं सांगायचं, तर पिक्चर गेला. त्यांनी आत पाहिलं. सालेहाबी खिडकीशी बसून सुई ओवत होती. एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा तिनं दोरा ओठात ओला केला आणि पुन्हा चुकली.

"शे," दाऊदभाई म्हणाले. "कॅसेट शे मन्हाकडे."

"मी शनिवारी येते!"

शनिवारपर्यंत त्यांनी सतरा बेत केले. कॅसेट बुरशीनं खाल्ली म्हणून सांगावं. उंदरांनी नेली म्हणून सांगावं. स्वतःच अक्कलकुव्याला पळून जावं, तिथून पुढे गुजरात! पण शनिवारी दहा वाजता दारात मॅडमची गाडी उभी राहिली, आणि तिच्यामागे धुळीनं माखलेली धडगावची जीप! आतून सुकराम गुरुजी उतरले, पडद्यापुढे नेहमी पहिली बसणारी फुलीबाई उतरली, आणखी आठ-नऊ जण उतरले. सगळे बाजाराच्या कपड्यांत.

"भाभी, नमस्कार!" गुरुजी म्हणाले. "आपला पिक्चर मुंबईला चालला, म्हटलं एकदा बघून निरोप द्यावा. कॅसेट जपून ठेवलीय ना?"

"कोनती कॅसेट?" सालेहाबीनं विचारलं.

"तीच! पाववालीची!"

"ती ते मशिननं खादी!"

"छे, छे! आम्ही चाळीस वेळा पाहिली की!"

सालेहाबीनं मान वळवली. एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू, पण त्या नजरेनं दाऊदभाई भिंतीला टेकले. "तेहतीस वरीस, अजी? तेहतीस वरीस माले इचारू दिधं?"

"सालेहा, आयक..."

"काढा कॅसेट!"

काढली. काय करणार? मॅडमनी सोबत आणलेल्या मशिनमध्ये घातली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सालेहाबी पडद्यापासून वीतभर अंतरावर. मॅडम वही उघडून. दाऊदभाई दारात, म्हणजे वेळ आली तर पळता यावं!

बंदर. जहाज. बाई शाल सावरते. खट्! ढॅण् ढॅण् ढॅण्! शहाद्याचा बँड!

"हाच तो शेवट!" गुरुजी मॅडमना म्हणाले. मॅडमची पेन्सिल वहीवर तशीच थांबली.

पडद्यावर मांडव. मांडवात निळ्या साडीतली एक तरुण बाई जिलेबी खाते. हात चाटते. कुणीतरी काही बोलतं, ती तोंडावर पदर धरून हसते. मग अर्धा क्षण नवरी, आणि लगेच पुन्हा निळी साडी! अंतरपाट धरलेला आहे, मंगलाष्टकं चालू आहेत, आणि कॅमेरा कुठे? निळ्या साडीवर! नवरी सासरी निघाली, सगळं वऱ्हाड रडतंय, आणि पडद्यावर ती निळ्या साडीतली बाई कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघते आणि लाजते.

"ही पाववालीच," फुलीबाई मॅडमना समजावून सांगू लागली. "तो आला नाही ना, मग तीच निघाली. समुद्र ओलांडला, दुसरा देश, म्हणून रंग आला. माणसांत आली. बघ कशी हसते! आम्ही मजुरीला गुजरातेत जायचो ना, तिथे चुलीपाशी बसून हाच शेवट एकमेकींना सांगायचो."

मॅडमनी वही मिटली.

सालेहाबी मात्र पडद्याला नाक लावून बसली होती. "हाई निळी साडी मन्ही शे," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "हाई मी शे?"

दाऊदभाईंनाच बोलावं लागलं. "शेठनी कॅसेट काबर परत करी, आते समजनं का? नवरी दिसेच नही. मी तरी काय करू? कॅमेरा जिथं फिरवू, तिथं तू!"

खोलीत हशा पिकला. दाऊदभाईंना मात्र रडू फुटायचंच बाकी होतं. ज्या डोळ्यांपुढचं आता थोडं थोडं पुसलं जातंय, त्यांच्यापासून आपण तिचंच हसू तेहतीस वर्षं लपवून ठेवलं, आणि कशापायी? तर एक शेठ चार माणसांत ओरडला म्हणून! त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मॅडम उठल्या आणि खोटं न बोलता म्हणाल्या, "दाऊदभाई, हे दोनशे नऊ जण आमचा चित्रपट मागत नाहीत, तुमचं शूटिंग मागतायत. ही मतं मला मीटिंगमध्ये धरता येणार नाहीत. यंदा तरी तो निघणार नाही." मग त्या सालेहाबीशेजारी जमिनीवर बसल्या आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "पण निवडण्यासाठी बघायची प्रत माझ्याजवळ आहे. शेवट तुम्ही बघाच."

सगळे पुन्हा गोळा झाले. बंदर. जहाज. बाई शाल सावरते. या वेळी खट् झालं नाही. जहाज लागलं, माणसं उतरली. एक उतरला, दहा उतरले, शेवटचा उतरला. तो नव्हताच. बाई दुकानात आली, फळीवरचा पाव काढला, दारातल्या एका अनोळखी खलाशाला दिला आणि दार लावून घेतलं. संपलं.

गुरुजींनी चष्मा काढला. दाऊदभाई तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढी वाट बघून हे? हे दाखवायला आपण जिवाचं रान केलं?

सालेहाबीनं पदरानं डोळे पुसले, लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"नही उना तेच बरं झायं," ती म्हणाली. "उना असता ते तिले जलमभर तेले च्या करी करी देना पडता!"

धडगावची मंडळी इतकी हसली, की बाहेर जीपचा ड्रायव्हर दचकून उठला. दाऊदभाई मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पातेलं शोधलं, गाळणं शोधलं, साखर समजून काहीतरी शोधलं, आणि सव्वा तास खपून लग्नानंतर पहिल्यांदा बारा माणसांचा चहा केला. बाहेर निळी साडी पुन्हा पहिल्यापासून लागली होती. बँडचा आवाज येत होता आणि त्यात सालेहाबीचं हसणं, आताचं.

चहा कसा झाला होता, ते मात्र विचारू नका. धडगावची माणसं सभ्य, त्यांनी पूर्ण प्यायला. मुंबईच्या मॅडमनी अर्धा. आणि सालेहाबीनं एकच घोट घेऊन कप खाली ठेवला, पडद्यावरची नजर न काढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दखा! पिक्चरमा काय, च्यामा काय, ह्या मानूसनी सव्वा तासना पुढं काय करी ठेवं, ते आयुष्यमा समजत नही!"