मुलगा स्वतंत्र आहे

नागोरावांनी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. पाटबंधारे खात्यातल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं एकच शिकायला मिळालं होतं आणि निवृत्तीनंतर ते वापरायचं कुठे हा प्रश्न होता. तेव्हा चौतीस वर्षांच्या योगेशचा वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म त्यांनीच हौसेने भरला. ‘राहणी: एकत्र / स्वतंत्र’ या रकान्यात त्यांनी ‘स्वतंत्र’वर ठसठशीत खूण केली. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये योगेशला स्वतंत्र खोली होती. बाथरूमसुद्धा स्वतंत्र होतं.

या खुणेचा पत्ता योगेशला रविवारी दुपारी एक वाजता लागला. पाच वाजता नम्रता नावाची मुलगी तिच्या आईला घेऊन घर बघायला येणार होती.

“बाबा, स्वतंत्र म्हणजे आई-वडील बरोबर नाहीत!”

“नाहीत म्हणजे? आम्ही गेलो?”

“गेलात नाही हो, वेगळे राहता.”

“मग तसं स्पष्ट छापायचं. आम्हाला काय स्वप्न पडतं?”

“मी तिला फोन करून खरं काय ते सांगतो.”

“खबरदार!” स्वयंपाकघरातून गोदाबाई कडाडल्या. “तीन वर्षांत पहिली मुलगी स्वतःहून येते म्हणाली आहे. वारज्याचा फ्लॅट रिकामाच आहे ना? आम्ही तिकडे जाऊन बसतो. दोन तासांचा तर प्रश्न.”

वारज्याचा फ्लॅट म्हणजे योगेशने घेऊन ठेवलेली एक खोली आणि स्वयंपाकघर. भाडेकरू गेल्याच महिन्यात सोडून गेला होता. तिथे पोचायला रिक्षाने दहा मिनिटं लागत, पण दोन माणसं घरातून पुसून काढायला तीन तास लागले. नागोरावांची काठी, कानटोपी, शेकायची पिशवी, गोदाबाईंची औषधं, लोणच्याच्या सात बरण्या, दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर, सगळं गाठोड्यांत गेलं. देवांनाही हलवावं लागलं. साडेचारला दुसरी रिक्षा निघाली तेव्हा गोदाबाई मांडीवर बाळकृष्ण घेऊन बसल्या होत्या आणि नागोराव रिक्षावाल्याला मीटर नीट वाचून दाखवत होते.

नम्रता बरोबर पाचला आली. एकतीस वर्षांची, सरळ बोलणारी. योगेशला ती पाहताक्षणीच आवडली आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला. तिची आई पूर्णिमाबाई मात्र सोफ्यावर टेकल्याच नाहीत. त्या थेट आतल्या खोलीत गेल्या.

“या खोलीत सकाळचं ऊन येतं का हो?” त्यांनी आतून विचारलं.

“ऊन... बघावं लागेल,” योगेश म्हणाला.

“इथे किती वर्षं राहता तुम्ही?” नम्रताने विचारलं.

“दुसरीपासून.”

ती हसली. चहा करायला म्हणून तो आत पळाला. साखर सापडेना. एका डब्यात रवा निघाला, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात सुईदोरा. शेवटी त्याने हळूच आईला फोन लावला आणि घाईत बोट स्पीकरवर पडलं.

“अरे, बिस्किटांच्या डब्यात साखर आहे!” गोदाबाईंचा आवाज घरभर घुमला. “आणि ऐक, यांची बीपीची गोळी तिकडेच राहिली. ते मघाशीच घ्यायला निघालेत, पोचतीलच. किल्ली आहे त्यांच्याजवळ, तू उठू नकोस.”

योगेशने दाराकडे धाव घेतली, पण दार उघडलंच. नागोराव चप्पल काढून आत आले.

“हे कोण?” नम्रता उभी राहिली.

“हे... शेजारचे काका.”

“हो,” नागोराव थंडपणे म्हणाले. “फक्त मध्ये भिंत नाही.”

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी नेमका हवा तो ड्रॉवर उघडला. गोळी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “योगेश, आत एक बाई टेप लावून माझ्या पलंगाची भिंत मोजतायत. त्याही शेजारच्या का?”

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. योगेशने खुणेपासून बाळकृष्णापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याला रडू यायचंच बाकी होतं. नम्रता परत सोफ्यावर बसली.

“माझंही एक सांगायचं राहिलंय,” ती म्हणाली. “लग्नानंतर आई माझ्याबरोबर राहणार. तिला मी एकटं सोडणार नाही. सासू-सासरे असलेल्या घरात मुलीची आई कोण ठेवून घेतं? नऊ स्थळं याच्यावरून मोडली. म्हणून मी स्वतंत्र मुलगा शोधत होते.”

पूर्णिमाबाईंनी टेप मुकाट्याने पर्समध्ये घातला. त्यांचा चेहरा पार उतरला.

योगेशने फोन उचलला. तो अजून चालूच होता, स्पीकरसकट. “आई, ये तू परत. सगळं बिनसलं.”

“ऐकलं मी. नाही येत.”

“म्हणजे?”

“लग्न करून आले तेव्हा घरात अकरा माणसं होती. मग दीर शिकायला आले, मग तू झालास. आम्ही दोघंच असे एक दिवससुद्धा राहिलो नाही रे. आत्ता तास झाला, गॅलरीत पाय पसरून बसले आहे. चहा कुणी मागितला नाही. फार बरं वाटतंय. त्या बाईंना म्हणावं, खोली मोकळी आहे. यांना पाठव, आणि पोळपाट द्यायला विसरू नकोस.”

नम्रताने योगेशकडे पाहिलं. योगेशने पूर्णिमाबाईंकडे पाहिलं. त्या पर्सच्या चेनशी खेळत होत्या.

नागोरावांनी योगेशकडून फॉर्मची प्रत मागून घेतली, पेन काढलं. ‘स्वतंत्र’वरची खूण खोडली, ‘एकत्र’वर केली आणि खोडल्याबद्दल रीतसर सही ठोकली. आई-वडिलांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. त्यांनी पट्टीने एक आखला आणि त्यात लिहिलं: स्वतंत्र.

पोळपाट काखेत मारून ते निघाले, तशा पूर्णिमाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, त्या खोलीत सकाळचं ऊन येतं का?”

“भरपूर येतं,” नागोराव म्हणाले. “पडदा मी नेतोय.”