पत्रांच्या अभ्यासाला तीस जोड गमबूट

इतिहासाच्या सरांनी सकाळी फोन उचलला, तर पलीकडून विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी. "सर, तुमच्या नव्या अभ्यासक्रमाला तीस जोड गमबूट लागणार, हे समजलं. पण दोर किती मीटरचा हवा, ते लिहिलं नाहीत."

"बघून सांगतो," म्हणून सरांनी फोन ठेवला. त्यांचा अभ्यासक्रम होता साध्यासुध्या माणसांच्या जुन्या पत्रांवर. आईनं लेकीला, शिपायानं घरी, दुकानदारानं मेव्हण्याला लिहिलेली पत्रं. ती वाचायला चष्मा लागतो, फार तर रुमाल. त्यात गमबूट आणि दोर आले कुठून?

आले होते शेजारच्या खोलीतून. या विद्यापीठात विशेष विषयाचा अर्ज सहसा कुणी नव्यानं लिहीत नसे. एकाचा मंजूर झालेला अर्ज दुसऱ्यानं मागून न्यायचा, विषय बदलायचा आणि पुढे सरकवायचा. सर तेवढे या रीतीला अपवाद. तीन वर्षं तीन अर्ज त्यांनी स्वतः लिहिले होते, शब्द न् शब्द पारखून, आणि तिन्ही वेळा समितीनं ते परत धाडले होते. आता निवृत्तीला एकच सत्र उरलं होतं. या खेपेला नाही जमलं, तर ती पत्रं पोरांपुढे वाचायची इच्छा मनातच राहणार होती. म्हणून त्यांनी मान तुकवली आणि भूगर्भशास्त्राच्या सरांचा गुहांवरचा अर्ज मागून आणला. नाव बदललं, उद्दिष्टं बदलली, वाचनाची यादी बदलली. सातव्या पानावरचं 'आवश्यक साहित्य' तेवढं राहून गेलं. विभागप्रमुखांनी न वाचताच सही ठोकली. सरांवर त्यांचा फार विश्वास होता.

"चूक झाली म्हणून सांगून मोकळे व्हा की," बायको म्हणाली.

"सांगितलं की अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर. समितीची पुढची बैठक सहा महिन्यांनी. तोवर मी निवृत्त. दिवसभर इथे, या खुर्चीत, तुझ्यासमोर."

बायकोनं खुर्चीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. "तर मग गमबूट लागतातच म्हणून सांगा," ती म्हणाली.

सरांनी तसंच सांगितलं. पत्रं ग्रंथालयाच्या तळघरात आहेत, तिथे ओल असते, आणि पेट्या उंचावरच्या फळीवर आहेत म्हणून दोर. आयुष्यभर पुराव्याशिवाय वाक्य न लिहिलेल्या माणसाला हे एका दमात सुचलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. पण सुरक्षा अधिकारी कर्तव्यदक्ष निघाले. दुपारी ते टॉर्च घेऊन थेट तळघरात उतरले आणि तिथे गाठ पडली ग्रंथपाल बाईंशी.

"ओल? माझ्या तळघरात?" बाई कडाडल्या. "बावीस वर्षांत थेंब पडू दिला नाही मी! कोण म्हणतं?"

म्हणणारे मागेच उभे होते. सरांनी बाईंना कपाटाआड नेऊन सगळं खरं सांगितलं. बाई आधी तापल्या, मग हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. शेवटी त्यांनी लिहून दिलं, 'तळघरात ओल नाही, परंतु येऊ शकते.' अशी माणसं असतात म्हणून जग चालतं, असं सरांना मनापासून वाटलं.

"येऊ शकते, म्हणजे धोका आहे," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "मग शिकवणाऱ्याची प्रकृती तपासायला हवी. नियमच आहे."

विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सरांना चार मजले चढायला-उतरायला लावलं, छातीला तारा जोडल्या आणि विचारलं, "नक्की करायचंय काय तुम्हाला?"

"पत्रं वाचायची आहेत," सर धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरांनी छातीच्या तारा काढल्या आणि दाखल्यावर लिहिलं, 'पत्रे वाचण्यास सक्षम.'

शेवटी समिती बसली. डीनसाहेबांनी सरळ सातवं पान उघडलं. दोर सुती असावा की नायलॉनचा, यावर वीस मिनिटं गेली. मग गणिताच्या बाई म्हणाल्या, "विद्यार्थी पंधरा. गमबूट तीस जोड. म्हणजे प्रत्येकाला चार बूट?"

"एक जोड वाळत असतो," सर म्हणाले. खोटं बोलण्यात आता त्यांचा हात चांगलाच बसला होता.

तासाभरानं ठराव झाला. गमबूट पंधरा जोड, दोर रद्द, अभ्यासक्रम मंजूर.

"आणि विषय?" सरांच्या तोंडून निसटलंच.

"विषयाचं काय? ठीकच आहे की," डीनसाहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

सर तरंगतच समितीच्या कचेरीत गेले. तिथे हेडक्लार्क बाई ठरावावर शिक्का मारत होत्या. सगळे अर्ज आधी त्यांच्याच हातात यायचे. सरांना राहवेना. "बाई, एक कबूल करायचंय. ते सातवं पान..."

"दुसऱ्या कुणाचं आहे. पहिल्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "सर, अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत कोपऱ्यात बसून सगळ्यांचं बोलणं लिहून घेतेय. प्रत्येक अर्जात एक तरी दुरुस्ती सुचवल्याशिवाय त्यांना घरी जाववत नाही. दुरुस्ती सापडली नाही, तर विषयालाच हात घालतात. तुमचे आधीचे तिन्ही अर्ज बिनचूक होते."

सर समोरच्या खुर्चीत मटकन बसले. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? मीही तीन वर्षं वाट बघतेय." बाईंनी नावनोंदणीची यादी पुढे केली. पहिलं नाव त्यांचंच होतं. "कर्मचाऱ्यांना वर्गात बसता येतं. आई गेल्यावर तिच्या पत्रांचं पुडकं माझ्याकडे आलं, पण एकटीनं सोडायचा धीर होत नाही. तुम्ही वाचाल ना बरोबर?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.