बटण लावता येतं का?

सातपूरच्या आमच्या कॉलनीत पोर मोठं झालं की नाही, हे आईबाप ठरवत नसत. सुकदेव आप्पा ठरवत. आप्पा डॉक्टर नव्हते, मास्तरही नव्हते. कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मे महिना लागला की आसपासच्या चार शाळांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून जात.

माप घेण्याआधी आप्पा पोराची परीक्षा घ्यायचे. चार बटणं आणि चार काजं असलेली कापडाची पट्टी त्याच्यापुढे टाकायचे आणि "लाव" एवढंच म्हणायचे. आईनं मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "परीक्षा तुमची नाय, ताई." चारही बटणं लागली तर शर्टाला बटणं आणि चड्डीला हूक. एक जरी राहिलं तरी टिचबटण आणि इलास्टिक. पुढच्या जूनला या. तिथं कोणाचाही वशिला चालत नसे.

बाकीची तपासणीही त्यातच उरकायची. दुधाचे दात हलतात का, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का, चड्डीत पाय घालताना एका पायावर उभं राहतं की भिंत धरतं, हे सगळं बघून कापड किती दुमडून ठेवायचं ते आप्पा ठरवत. मग खूश होऊन म्हणत, "वाढ शे!" आप्पा मूळचे सटाण्याकडचे. निम्मं आयुष्य सातपुरात काढूनही खुशीत आले की "आहे"च्या जागी त्यांच्या तोंडी ते अहिराणी "शे"च यायचं. पण त्यांनी एकदा "वाढ शे" म्हटलं की डॉक्टरनं सांगितल्यासारखं आया ते घरोघर सांगत सुटायच्या.

आमच्या जुईला मात्र त्यांनी इलास्टिक दिलं. पाच वर्षांची पोर, इंग्रजीतल्या सहा कविता हातवारे करून म्हणते, आणि हा माणूस तिला तीन बटणांवर नापास करतो! मी तिथंच तापलो.

"आप्पा, शंभरपर्यंत आकडे येतात तिला."

"येऊ द्या की. शाळेत शू लागली, तर आकडे म्हनून बटन निघंल का, भाऊ?"

घरी येऊन मी जुईला आठ दिवस माझ्या शर्टाची बटणं लावायला बसवलं. हे आप्पांना मी कधीच सांगितलं नाही.

तो इलास्टिकचा स्कर्ट आणायला गेलो, तेव्हा आप्पा एक जुनी जाड वही उघडून बसले होते. समोर फुलाफुलांच्या कापडाचा छोटा फ्रॉक होता. सगळा शिवून झालेला, फक्त पुढच्या पट्टीला बटणं लावायची राहिलेली.

"कोणाचा हा?"

"मंगलच्या पोरीचा."

मंगल ही आप्पांची एकुलती एक मुलगी. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि ती सुरतेला गेली. त्याला सात वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत आप्पांनी तिचं नाव घेतलं नव्हतं आणि त्यांच्यासमोर ते घेण्याची कॉलनीत कोणाची छाती झाली नव्हती. तिला मुलगी झाल्याची बातमी कोणीतरी आणली तेव्हाही आप्पांनी म्हणे मशीन थांबवलं नाही.

"पण आप्पा, तुम्ही नातीला पाहिलेलंसुद्धा नाही. माप कुठून आणलं?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मंगलची दर जूनची मापं त्यात होती, अगदी पहिल्या वर्षापासूनची.

"मंगल पाचव्या वर्षी एवढी व्हती. वर दोन बोटं जास्ती धरली."

"ती कशाची?"

"बाप उंच हाय म्हनतात," आप्पा खाली बघत म्हणाले.

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. आत आणखी चार फ्रॉक होते, पहिला अगदी टीचभर, मग एकापेक्षा एक मोठे. चारही कोरे. एकही पाठवलेला नव्हता. मला भरून आलं आणि तितकाच रागही आला. शिवायचे आणि कुलपात ठेवायचे, ही कुठली रीत?

"निदान हा तरी पाठवा," मी म्हणालो.

"कसा पाठवू? बटन येतं का तिला, मला काय म्हाईत? येत असंल अन् मी टिचबटन लावलं, तर रुसंल. येत नसंल अन् बटन लावलं, तर रडंल."

"मग विचारा."

आप्पांनी फ्रॉकची घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी म्हणाले, "तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी कंपनीत कारकून, अक्षर बरं असायचंच. समोरच्या दुकानातून पोस्टकार्ड आणलं. आप्पांनी एकच ओळ सांगितली : पोरीला बटण लावता येतं का, कळवणे. ना मायना, ना आशीर्वाद. सुरतेचा पत्ता मात्र त्यांनी पिनकोडासकट तोंडपाठ सांगितला.

नंतरचे पंधरा दिवस आप्पांचं कामात लक्ष नव्हतं. एका चड्डीला त्यांनी दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले. पोस्टमन दिसला की उगाच दाराशी येऊन दोरे झटकत उभे राहायचे. शेवटी उत्तर आलं. चष्मा नाकावर असूनही त्यांनी मलाच वाचायला लावलं.

"बाबा, तिला बटणं लावता येतात. गळ्याचं तेवढं अजून मी लावते. माप कळवू का?"

"पुन्यांदा वाचा," आप्पा म्हणाले. मी वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवण्याची त्यांनी काही खटपट केली नाही. मग नाक पुसून ते एकदम दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, "लिवा. कळवलेल्या मापावर आमी शिवत नसतो. पोरगी दुकानात आनावी."

"एवढीशी पोर एकटी कशी येईल?"

"दोघांनी आनावी. तसंच लिवा, दोघांनी."

मी लिहिलं. वर "चि. मंगल" एवढाच मायना घातला, लग्नाचा विषय आपण होऊन कशाला काढा! आप्पांनी कार्ड हातात घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"मंगलच्या आधी सौ. राह्यलं," ते म्हणाले.