रेड्याला काढा

लेकीचं पाकीट मंगळवारी सकाळी आलं आणि कानवाल्यांनी ते फोडण्याआधी तीनदा उलटंपालटं करून पाहिलं.

कानवाले म्हणजे श्रवणयंत्रं बसवून देणारे. गेली सव्वीस वर्षं ते एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत लोकांचे कान तपासत आले होते. अख्ख्या गावाला ऐकायला लावणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीचं मात्र कधी धड ऐकून घेतलं नाही, असं त्यांची बायको म्हणायची. ती होती तोवर त्यावाचून काही अडलंही नाही. मुलगी लांब, परदेशात. फोन आईला यायचा, तासभर चालायचा, आणि जेवताना बापाला त्याचा सारांश मिळायचा : "बरी आहे. तुम्हाला विचारलंय." पाच वर्षांपूर्वी बायको गेली आणि सारांश सांगायला घरात कोणी उरलं नाही.

बरं, बापाने स्वतःहून काही करावं, तर त्यांनी ते केलं आणि घोळ घातला. दोन वर्षांपूर्वी लेकीने असंच एक पाकीट पाठवलं होतं. कानवाल्यांनी ते फोडलंसुद्धा नाही. फोनवर तिने विचारलं, "कसं वाटलं, बाबा?"

"छान आहे."

"काय आवडलं?"

"सगळंच. त्यातल्या त्यात मधला भाग."

मग ती म्हणाली, "बाबा, मी चुकून कोरी सीडी पाठवली होती. तेच सांगायला फोन केला."

त्यानंतर वर्षाला दोन फोन. एक वाढदिवसाला, एक आई गेली त्या तारखेला. दोन्ही फोनमध्ये हवामान. तुमच्याकडे ऊन आहे का, आमच्याकडे आहे, बरं मग ठेवते.

आता या नव्या पाकिटात सीडीबरोबर चिठ्ठी होती. 'बाबा, या वेळी भरलेली आहे. ऐका आणि खरं सांगा. "छान आहे" चालणार नाही. रविवारी दुपारी फोन करते.' पुन्हा चुकलं, तर ते हवामानाचे दोन फोनही बंद होणार, हे कानवाल्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सीडीच्या वेष्टनावर पाच माणसं उभी होती. तोंडाला पांढरं फासलेलं, डोळ्यांभोवती काळं, केस पुढे सोडलेले. वर काटेरी कुंपणासारख्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ते बँडचं नाव होतं की खरोखरच कुंपण होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मागे मात्र सरळ अक्षरांत 'राखेचा राज्याभिषेक' असं सीडीचं नाव, 'सिम्फॉनिक ब्लॅक मेटल, सात गाणी, सत्तेचाळीस मिनिटं' आणि एक ई-मेलचा पत्ता. यंत्रांचे बारीक स्क्रू बघायचं भिंग लावून कानवाल्यांनी पाचही चेहरे तपासले. लेक कुठली ते कळेना. मग उजवीकडून दुसरी एका पायावर भार देऊन उभी दिसली. तिची आई बसच्या रांगेत अशीच उभी राहायची. कानवाल्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसला.

मग सीडी लावली. सुरुवातीला वायोलिनं. एक नाही, दोन नाही, चांगली चाळीसेक असावीत. मागून दहा-वीस जणांचा सामुदायिक सूर. कानवाले खुर्चीत सैल झाले. लेकीला लहानपणी सहा वर्षं वायोलिनच्या क्लासला घातलं होतं, म्हणजे ही यातच कुठेतरी असणार. 'अरे, हे तर ऐकण्यासारखं आहे!' असं ते मनात म्हणाले, तेवढ्यात पत्र्याच्या डब्यांनी भरलेला ट्रक जिन्यावरून सोडावा तसे ढोल सुटले, गिटारी करवतीसारख्या चालू झाल्या, आणि त्या सगळ्यावर, कुठल्याशा तळघरातून, एक रेडा रेकायला लागला.

कानवाल्यांनी घाईघाईने आवाज कमी केला. रेडा थांबल्यावर वाढवला. तो पुन्हा आला, पुन्हा कमी केला. असं तीनदा ऐकूनही मत म्हणून काही तयार होईना.

आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. विनाशकाले सुचते तशीच. आपल्याला संगीतातलं कळत नाही, पण आपल्याकडे दिवसभर येतात ते सगळे ऐकायलाच येतात! यंत्र बसवलं की ते नीट चालतं का हे बघायला कानवाले एका गृहस्थाच्या आवाजातल्या बातम्या लावत. त्याऐवजी लेकीची सीडी लावायची. वर फॉर्म होताच : नाव, धंदा, यंत्राचा प्रकार, आवाज कसा वाटला, त्रास, सूचना. 'यंत्राचा प्रकार' या रकान्यात त्यांनी सीडीचं नाव घातलं, 'राखेचा राज्याभिषेक', आणि बुधवारी दुकान उघडलं.

पहिल्या आल्या हेडबाई. तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कानांना वरचे बारीक सूर स्वच्छ पोचत, खालचे जाड मात्र पोचतच नसत. कानवाल्यांनी सीडी लावली, तेव्हा यंत्र अजून डबीतच होतं.

"आहाहा!" हेडबाईंनी डोळे मिटले. "वायोलिन आहे ना हे? किती शिस्तीत वाजवताहेत सगळे!"

कानवाले खुलले. "माझी मुलगी वाजवते त्यात."

"नशीबवान आहात." 

कानवाल्यांनी यंत्र त्यांच्या कानात बसवून चालू केलं. हेडबाई खुर्चीतून उठल्याच.

"हा कोण आला मध्येच?"

"कोण?"

"हा रेडा! आत्तापर्यंत नव्हता. तुमच्या यंत्रातून आला!" त्यांनी यंत्र काढलं, ऐकलं, घातलं, ऐकलं. "काढलं की संगीत, घातलं की रेडा. यंत्र सदोष आहे. मी घेणार नाही." आणि फॉर्मवर लाल पेनाने लिहून गेल्या : वायोलिन पैकीच्या पैकी. रेड्यास वर्गाबाहेर काढावे.

गुरुवारी बॉयलरवाले आले. उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरशेजारी गेलेला, त्यामुळे बारीक आवाज कायमचे गेलेले. घुमणारं काही असलं तरच ऐकू यायचं. त्यांनी यंत्राविनाच सीडी ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"वा रे गड्या! याला म्हणतात माणूस! काय ओरडतोय, मन मोकळं करून! साहेबासमोर असं ओरडायची माझी फार इच्छा होती हो, राहूनच गेलं."

मग यंत्र बसलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "ह्या माशा कुठून आल्या?"

"माशा नाहीत, वायोलिनं आहेत."

"असतील. पण का आहेत? तो बिचारा एवढं जीव तोडून सांगतोय, आणि ह्या मागे कुईकुई! काढा हो हे यंत्र. बरा होतो मी बहिरा." फॉर्मवर त्यांनी लिहिलं : माणूस उत्तम. किरकिर बंद करा.

शुक्रवारपर्यंत ही बातमी गावभर झाली. ज्यांना तपासणीची वेळ दिलेली नव्हती तेही आले. बाहेरच्या खोलीतली आठ खुर्च्यांची रांग आपोआप दुभंगली. खिडकीकडे वायोलिनवाले, दाराकडे रेडेवाले. हेडबाई 'यंत्र बदलून बघते' म्हणून परत आल्या होत्या, बॉयलरवाले कसलंही कारण न देता.

"संगीत म्हणजे सौंदर्य," हेडबाई म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" बॉयलरवाल्यांनी शेजारच्याला विचारलं.

"सौंदर्य!"

"असूद्या की. पण दुखलं तर माणूस ओरडणार की वायोलिन वाजवणार?"

"सुसंस्कृत माणूस वायोलिन वाजवतो!"

"मग सुसंस्कृत माणसाला कधी दुखलेलंच नसणार!"

मध्ये एक शिंपी बसले होते. ते हळूच म्हणाले, "मला दोन्ही ऐकू येतं, आणि दोन्ही एकत्रच बरं वाटतं." त्यावर दोन्हीकडच्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी खुर्ची उचलली आणि पाण्याच्या पिंपाशी नेऊन ठेवली.

शनिवारी दुपारपर्यंत चाळीस फॉर्म जमले. कानवाल्यांनी ते दोनदा वाचले. वीस म्हणत रेडा नको, एकोणीस म्हणत वायोलिन नको, आणि एक शिंपी. अशा माहितीवर लेकीला काय सांगणार, कपाळ? शेवटी त्यांनी स्वतःच एक कोरा फॉर्म ओढला. उद्याची तालीम म्हणून. सूचनांच्या रकान्यात ते लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता तालीम वगैरे विसरले. 'ओरडणाऱ्या माणसाला काढावे. त्याच्याखाली माझी मुलगी दबली आहे. एकट्याने सात वेळा ऐकले. तिचा आवाज कुठेच सापडला नाही. लहानपणी घरभर गात फिरायची, तो आवाज आता नीट आठवतही नाही. तो तरी ऐकू यावा, एवढीच विनंती.' सही न करता त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवला आणि भाजी आणायला गेले.

काउंटरवर एक ताई बसत. अठरा वर्षांची नोकरी, आणि एकही शनिवार चुकलेला नाही. शनिवारी काय, तर आठवड्याचे फॉर्म जिचं यंत्र असेल त्या कंपनीला पाठवायचे. कंपन्यांची तशी अटच होती. ताईंनी गठ्ठा उचलला, मोजला, एकेचाळीस. यंत्राचा प्रकार : राखेचा राज्याभिषेक. नवीन कंपनी दिसते, असं म्हणून त्यांनी टेबलावरचं वेष्टन उलटं केलं, मागचा पत्ता उतरवून घेतला, आणि नेहमीचं पत्र वर जोडून सगळं स्कॅन करून ई-मेलने रवाना केलं. साहेबांना विचारायचं असं काही त्यात त्यांना वाटलं नाही, आणि खरं तर नव्हतंही.

रविवारी दुपारी कानवाले फोनसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फोन वाजला.

"बाबा, तुमच्याकडून पत्र आलंय."

"मी कुठे पत्र लिहिलं?"

"ऐका. 'महोदय, आपले उत्पादन आमच्या एकेचाळीस ग्राहकांनी वापरून पाहिले. मुख्य दोष : रेडा. योग्य ती दुरुस्ती करून सुधारित नमुना त्वरित पाठवावा.'"

"ताई..." एवढंच कानवाले म्हणाले. गेले, दोन फोनही गेले, असं त्यांच्या मनात आलं.

"एकेचाळीस माणसांनी ऐकली, बाबा?"

"अगं, ते सगळे बहिरे आहेत. त्यांचं मनावर घेऊ नकोस."

"इकडे ज्यांना ऐकू येतं तेही हेच म्हणतात. इंटरनेटवर नुसती मारामारी चाललीय. अर्धे म्हणतात वायोलिनने वाट लावली, अर्धे म्हणतात त्याच्यामुळेच वाचलं. पण तुमच्या त्या शिंप्यांनी लिहिलंय ना, दुसऱ्या गाण्यात ढोल थांबतात आणि ओरडणारा एक श्वास घेतो, तो आपल्याला फार आवडला म्हणून, ते अजून कोणी लिहिलं नव्हतं." ती थांबली. "शेवटच्या फॉर्मवर सही नाहीये."

"हो का?"

"अक्षर तुमचं आहे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कानवाल्यांनी घसा साफ केला. "तूच म्हणालीस खरं सांगा. मग हे खरं. वायोलिन तू सुरेख वाजवतेस. पण त्या रेड्याला—"

"बाबा, वायोलिन एक सहा फुटी दाढीवाला वाजवतो."

"बरं, मग तू मागे, त्या सगळ्यांबरोबर गातेस?"

"नाही."

"मग तू करतेस तरी काय?"

"रेडा मी आहे, बाबा."

एकट्याने सात वेळा ऐकलं होतं, आणि सातही वेळा, नेमकी ती आली की कानवाल्यांनी आवाज कमी केला होता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा नळ वाहत होता, तो ऐकू येत होता.

"आहात ना?" ती म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता.

'छान आहे' म्हणायची बंदी होती. वाईट आहे असं म्हणवेना. तिची आई असती तर तिला बरोबर सुचलं असतं. कानवाल्यांना एवढंच सुचलं :

"घसा दुखत नाही का गं?"

पलीकडे एकदम काहीतरी फुटल्यासारखं झालं. ती हसली की रडली, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवी कानांनाही सांगता आलं नसतं.

"दुखतो ना," ती म्हणाली. "कार्यक्रम संपले की आठ-आठ दिवस आवाजच फुटत नाही."

"मग काय करतेस?"

"काही नाही. गरम पाणी पिते, गप्प पडून राहते."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग इकडे ये. आठ दिवस इथे गप्प बस."

"गप्पच बसायचं तर एवढ्या लांब कशाला येऊ, बाबा?"

"बरं, ओरड," कानवाले म्हणाले. "पण ये."