सुंदराबाईंची स्वयंस्फूर्त हालचाल

सुंदराबाई तायडे यांचे म्हातारपण शासनाला मान्य होते. आधार कार्डावर तसे जन्मवर्ष होते आणि त्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. निर्णय व्हायचा होता तो फक्त दुर्बलतेचा. ‘ज्येष्ठ दुर्बलता निश्चिती अभियाना’त जो दुर्बल ठरेल त्याच्या घरी रोज दोन तास मदतनीस येणार होती, आणि मूर्तिजापुरात दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या सुंदराबाईंना ती अगदी मनापासून हवी होती. मागच्या श्रावणात त्या न्हाणीत पडल्या, आणि शेजारच्या शहाजादीला हाक ऐकू जाईपर्यंत दुपार झाली. तेव्हापासून त्यांना अंघोळीचीच भीती बसली. अंघोळ होईपर्यंत दाराबाहेर कुणीतरी असावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

पौर्णिमा नावाची मूल्यमापक भर वैशाखात स्कूटीवरून आली. दुर्बलता कशी ओळखावी याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण तिने अकोल्याला घेतले होते.

“बाप्पा, किती उनात आली वं पोरी!” म्हणत सुंदराबाई खाटेवरून उठल्या. उठायला तीन प्रयत्न लागले, पण पौर्णिमा तेव्हा फॉर्मवर तारीख टाकत होती. भिंत धरत धरत त्या माठापर्यंत गेल्या, पाणी आणले, मग चहा टाकला. तोवर पौर्णिमाने टेप काढून अंतर मोजले. खाट ते ओटा, चार मीटर. चालण्याच्या चाचणीला नेमके तेवढेच लागते.

“आजी, वजन घटलं का?”

“घटलं न. हे पोलकं दोनदा दाबून शिवलं.”

“आधीचं वजन लिहून हाय का कुठी?”

“कोन लिहून ठेवते वं?”

“मंग घटलं असं मले लिहिता येत नाई. बरं, थकवा वाटते का?”

घरी आलेल्या माणसापुढे रडगाणे गाणे सुंदराबाईंना जन्मात जमले नव्हते. “मले काय धाड भरली? मी मस्त हावो. तू चहा घे पयले.”

पौर्णिमाने चहा घेतला. चांगला झाला होता, तेही तिने शेऱ्यात लिहिले. पंधरा दिवसांनी पत्र आले: ‘अर्जदाराची हालचाल स्वयंस्फूर्त आढळली. भिंत हे मान्यताप्राप्त साहाय्यक साधन नसल्याने चालणे विनाआधार समजण्यात आले. सबब अर्जदार सक्षम.’

शहाजादीने पत्र वाचून कपाळाला हात लावला. “मावशी, तुमी उठल्या काहून? बसून राहाचं न!”

“आल्या माणसाले कोरडं धाडू का?”

अपिलाची तरतूद होती. ते केल्यावर त्रिसदस्यीय फेरतपासणी समिती येणार असे कळले. त्या दिवशी शहाजादीने सकाळीच चहा-साखरेचे डबे उचलून आपल्या घरी नेले. “आता उठसान तरी काय करसान?” असे म्हणून तिने सुंदराबाईंना खाटेवर बसवले आणि स्वतः उंबऱ्यात राखणीला बसली.

समितीत एक डॉक्टर, एक लिपिक आणि जीपमध्ये जागा होती म्हणून आलेले एक सदस्य होते. तिऱ्हाईत व्यक्तीच्या उपस्थितीने दुर्बलतेवर परिणाम होतो, असे सांगून त्यांनी आधी शहाजादीला घरी पाठवले. सुंदराबाई अकरा मिनिटे बसल्या. पाहुणे समोर असताना त्या इतका वेळ आयुष्यात बसल्या नव्हत्या. बाराव्या मिनिटाला लिपिकाला ठसका लागला.

पाणी दिल्यावर नुसते पाणी कसे द्यायचे, हा प्रश्न आला. फळीवर डबे नव्हते. सुंदराबाई तीन पायऱ्या उतरून शेजारी गेल्या. शहाजादी डबे देईना.

“माया घरी पाहुणे बसले हायेत शहाजादी, मायी इज्जत घेतं काय?”

शहाजादीने डोळे पुसत डबे दिले. दोन्ही हातांत डबे घेऊन सुंदराबाई परत चढल्या, तेव्हा समिती दारात उभी राहून पाहत होती. डॉक्टरांनी पायऱ्या मोजल्या, लिपिकाने डबे. अहवालात आले: ‘चढ-उतार समाधानकारक. भारवहन क्षमता उत्तम. शेजाऱ्यांशी संबंध सौहार्दाचे, क्वचित वाद.’

आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे जवळच्या नातेवाइकाचा जबाब. माणसाला घरचे जितके ओळखतात तितके कुणी ओळखत नाही, असे अभियानाच्या पुस्तिकेतच छापले होते. म्हणून पुण्याहून मुलगा प्रीतम एका रविवारपुरता आला. सुंदराबाई पहाटेपासून ओट्याशी होत्या. त्याला पातोडीचा रस्सा आवडतो, पुण्यात तसा मिळत नाही. “आई, तू बस न जराशी,” असे तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा त्याच्या तोंडात घास होता. न्हाणीची भीती त्याला सांगावी असे सुंदराबाईंच्या ओठांपर्यंत आले, पण तो जेवत होता, म्हणून त्यांनी आणखी एक पोळी टाकली.

जेवून प्रीतमने फॉर्म उघडला. त्यात विचारले होते: ‘आपल्या वास्तव्यात अर्जदार किती वेळ बसलेल्या दिसल्या?’ प्रीतमने प्रामाणिकपणे आठवले. आईचे कौतुक वाटून त्याने खरे तेच लिहिले: ‘एकदाही नाही.’

तो वळणाआड जाईपर्यंत सुंदराबाई हात हलवत दारात उभ्या होत्या. मग त्या पायरीवर बसल्या, त्या दिवेलागणीला शहाजादीने येऊन उठवेपर्यंत तशाच. शहाजादी नातेवाईक नसल्यामुळे या बसण्याची नोंद झाली नाही.

अंतिम आदेशात सुंदराबाईंना ‘अतिसक्षम’ श्रेणी मिळाली. शिवाय मदतनीसांची अनेक पदे रिक्त असल्याने त्यांची त्या पदावर नेमणूक करण्यात आली. त्यांनी रोज दोन तास पलीकडच्या गल्लीतल्या शेषरावांकडे जायचे होते. शेषराव पहिल्याच भेटीत दुर्बल ठरले होते. पौर्णिमा आली तेव्हा ते टीव्ही पाहत होते आणि उठले नव्हते. ते पाहुण्यांसाठी कधीच उठले नव्हते.

पहिल्या दिवशी सुंदराबाई गेल्या, तेव्हा शेषराव टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाले, “आल्या का? चहा टाका मंग.”

नातेवाइकाच्या जबाबाचा नमुना आता सर्वांसाठी खुला आहे. मागच्या वेळी घरी गेलात तेव्हा आई किती वेळ बसलेली दिसली, तेवढेच त्यात लिहायचे आहे. घाई नाही. हातातला चहा आधी संपवा. तो कुणी करून दिला, त्यासाठी फॉर्मवर वेगळा रकाना आहे.