बावीस दात आणि पन्नासचा आकडा

सूर्यभान पेंटर आणि त्यांचा मुलगा करण दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण जीप होती. खर्ड्याच्या पेठेत नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवून सूर्यभाननी ती जुनी जीप हौसेनं घेतली. करण तिच्यात कांदा भरून जामखेडला न्यायचा. चढाला जीप धापा टाकते म्हणून त्यानं बापाला न विचारता मागच्या एक्सलमधले गिअर बदलून घेतले. जीप चढाला लागली की आता मागं बघत नव्हती, पण मीटर मात्र बिघडलं. गाडी पन्नासनं पळायची आणि काटा पासष्टवर जाऊन बसायचा.

"तुझ्या लेकाला सांग, चांगल्या गाडीचं वाट्टोळं केलंस म्हणावं," सूर्यभान बायकोला म्हणाले. लेक शेजारीच भाकरी मोडत होता.

"आई, अण्णांना सांग, गाडी ओढतीय का न्हाई ते बघा. मीटर काय खायचंय व्हय?"

"आरं, ऐकू येतंय की त्यास्नी!" सत्यशीलाबाई कावल्या. पण निरोप पोचवायचं काम काही त्यांचं सुटलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण धनश्रीचं स्थळ आलं. धनश्री नगरला, सावेडीत राहायची, शाळेत शिकवायची. तिनं आणि करणनं एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. काकासाहेबांनी एका साखर कारखान्याची गाडी एकोणतीस वर्षं चालवली होती आणि एक कोंबडीसुद्धा चाकाखाली येऊ दिली नव्हती. त्यांनी फोनवरच सांगितलं, "घर बघू, जमीन बघू, पण आधी पोरगा गाडी कशी चालवतो ते बघणार. आमाला जामखेडच्या स्टँडवर त्यानंच सोडायचं. काटा पन्नासच्या वर गेला, तर पुढची बोलणी न्हाईत. मागलं एक स्थळ मी तेवढ्यावरच मोडलंय."

झालं! काटा पन्नासवर धरला तर जीप बैलगाडीसारखी रांगणार, आणि खऱ्या पन्नासनं चालवली तर मीटर पासष्ट दाखवून पोराचं लग्न मोडणार, हे उघड होतं.

सूर्यभानना राग होता, पण पोरगा त्यांचाच होता. करण शुक्रवारी दुसऱ्याच्या टेम्पोतून नगरला गेला, तेवढ्यात त्यांनी जीप काढली. मोबाईलवर खरा वेग बघत बघत काटा कुठं कुठं जातो ते टिपून आणलं. मग मीटर खोलून, तबकडी काळी करून, जिथं पासष्ट होतं तिथं पन्नास असे सगळे आकडे नव्यानं रंगवले. हात असा, की कंपनीच्या माणसालाही संशय आला नसता. मीटर बसवून एक चक्कर मारली. बिनचूक!

"मीटरचं काम झालं," एवढंच ते बायकोला म्हणाले. पोरासाठी राबलो हे कबूल करणं जिवावर आलं होतं.

तिकडं करण नगरला गेला होता तो मीटरच्याच कामाला. गिअरबॉक्समध्ये मीटरची केबल फिरवणारं एक छोटं दातेरी चाक असतं, ते बदललं की काटा ताळ्यावर येतो, असं गाडीचे गिअर बदलणाऱ्या अमृत मेस्त्रीनं त्याला सांगितलं होतं. ते चाक तो नगरहून घेऊन आला आणि शनिवारी अमृतनं सतरा दातांचं काढून बावीस दातांचं बसवलं. कागदावर गणित चोख होतं. मग तपासायला डिझेल कोण जाळणार?

"आई, मीटरचं झालं बरं का," करण म्हणाला.

"ठाऊक हाय मला," सत्यशीलाबाई म्हणाल्या. एकच काम दोघं आपापल्या नावावर सांगतायत, असं त्यांना वाटलं. म्हणून हा एक निरोप तेवढा त्यांनी इकडून तिकडं केला नाही.

रविवारी काकासाहेब धनश्रीला घेऊन आले. पोहे झाले, चहा झाला, घर पसंत पडलं. करण जीपवर बसला, शेजारी काकासाहेब. मागं सूर्यभान, सत्यशीलाबाई आणि धनश्री. करणनं काटा पन्नासवर आणला आणि तिथंच धरून ठेवला. पोरगा घामाघूम, पण काटा जागचा हलेना.

एक मोटारसायकल मागं पडली. मग एक टेम्पो मागं पडला. सत्यशीलाबाईंनी वाऱ्यानं उडणारा पदर दातात धरला. काकासाहेब मात्र मीटरकडं बघतच नव्हते. त्यांची नजर रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर आणि मनगटावरच्या घड्याळावर होती.

"थांबव," ते म्हणाले. करणनं जीप बाजूला घेतली. "दगडापासून दगडापतुर पंचावन्न सेकंद. पन्नासनं गेलं तर बहात्तर लागत्यात. पोरा, तू पासष्टनं चाललायस."

"काका, काटा पन्नासच्या वर गेला असंल तर शपथ! कालच बावीस दातांचं चाक बसवलंय!"

"चाक?" मागून सूर्यभान ओरडले. "आरं गाढवा, मी परवाच सगळे आकडे बदलले की! एकाच चुकीला दोन दुरुस्त्या झाल्या!"

"अण्णा, मग सांगायचं न्हाई का?"

"तू सांगितलंस का? गिअर बदलताना तरी इचारलंस?"

"इचारलं असतं तर बदलू दिलं असतं का तुमी?"

बापलेकांनी दोन महिन्यांचं सगळं तिथंच काढलं. सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तर हे बोलत होते, आणि दुसरं म्हणजे हातातोंडाशी आलेलं स्थळ निसटून चाललं होतं.

काकासाहेब खाली उतरले. "सरक तिकडं. गाडी मी घेतो. आन् हे नाटकी मीटर मला नको," म्हणत त्यांनी मीटरवर रुमाल टाकला. "एकोणतीस वर्षं चालवलीय. पन्नास म्हंजे काय ते पायाला कळतं."

जीप निघाली. चढ आला. काकासाहेबांनी पाय दाबला, तशी जीप अशी उसळली की त्यांचा चेहराच बदलला. "लई ओढ हाय की हिला!" ते म्हणाले. पुढं सपाटी आली तरी पाय काही उचलला नाही. मघाचा टेम्पो पुन्हा मागं पडला.

"पप्पा," मागून धनश्री म्हणाली. तिच्या मांडीवर मोबाईल होता. "अडुसष्ट."

काकासाहेबांचा पाय झटकन वर आला.

"मोबाईल कधीपासून लावलायस?"

"खर्ड्यापासून."

"मग मघाशी पोरगा पासष्टनं चालला होता, तवा का गप बसलीस?"

धनश्रीनं मोबाईल पर्समध्ये टाकला. "आई, पाण्याची बाटली देता?" ती म्हणाली. सत्यशीलाबाईंनी झाकण उघडूनच बाटली तिच्या हातात दिली. पोरगी त्यांना आई म्हणाली होती.

काकासाहेबांनी आरशातून लेकीकडं पाहिलं आणि मीटरवरचा रुमाल उचलून त्यानंच तोंड पुसलं. जीप आता खरोखर पन्नासनं चालली होती.

"जामखेडात पेढे कुणाकडं चांगले मिळत्यात रं?" सूर्यभाननी विचारलं.

सत्यशीलाबाईंनी सवयीनं करणकडं वळून तोंड उघडलं, पण तोवर त्यानं उत्तर देऊनही टाकलं होतं.